खोळीला एक खिडकी

दुर्बीण मागच्या पडवीत उभी होती, जुन्या फुलाफुलांच्या चादरीखाली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती थेट दिसायची. तीच तर अडचण होती. दिसली नसती तर कदाचित विसरता आली असती. बाटल्या उकळताना, दुपटी पिळताना, दुधावर लक्ष ठेवताना तिची नजर तिकडे जायची, आणि चादरीखालचा तो आकार, एखादा पाहुणा न सांगता येऊन न बोलता उभा राहावा तसा, तिथेच असायचा.

तिच्या लेकीला, ठमीला, अकरावा महिना सरत आला होता. म्हणजे दुर्बिणीवरच्या चादरीलाही तेवढेच महिने झाले होते.

बाळंतपणानंतर तिची कंबर जी गेली ती गेलीच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. त्यावर ती मनात म्हणाली होती, मग नऊ किलोची पोर काय फुंकर मारून उचलायची? ठमीला उचलायला ती वाकायचीच. ठमीसाठी वाकायचं म्हटलं की कंबर कुरकुरत का होईना, ऐकायची. पण दुर्बिणीसाठी ऐकत नव्हती. दुर्बीण तिने कॉलेजात असताना स्वतः बनवलेली होती. आरसा मागवला, नळी जाड पुठ्ठ्याची केली, खालचं फिरतं खोकं स्वतःच्या हाताने ठोकलं. डोळा लावायची छोटी नळी, नेत्रिका म्हणतात ती, वरच्या टोकाशी कडेला होती. त्यामुळे बघणाऱ्याला धड उभं राहता यायचं नाही, धड बसता यायचं नाही. नवरा म्हणायचा, "साहेबांकडे रजा मागायला उभं राहतात ना, अगदी तस्सं." त्या अर्धवट वाकण्यात तिने पूर्वी तास-तास काढले होते. आता पाच मिनिटांत कमरेत कळ यायची आणि डोळ्यांपुढे तारे चमकायचे. पण ते फुकटचे.

आणि आत्ता, नेमका आत्ता, तो तारा उजळायला लागला होता.

तिमिंगल नावाचा एक तारकासमूह आहे. त्याच्या मानेत एक तारा आहे, जो बहुतेक काळ नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. अकरा महिन्यांनी एकदा तो हळूहळू उजळतो, थोडे आठवडे मिरवतो आणि पुन्हा विझत जातो. तिच्या वहीत पाच वर्षांच्या त्याच्या नोंदी होत्या. त्यातली तीन वर्षं तो उजळला तो नेमका सूर्याच्या आड. चौथ्या वर्षी मावळतीला ओझरता दिसला. पाचव्यांदा संध्याकाळच्या आभाळात चांगला वर होता, तेव्हा ती इस्पितळात होती आणि ठमी जगात येत होती. ती घरी येऊन सावरेपर्यंत तो उतरणीला लागला होता. त्या पानावर तिने फक्त तारीख घातली होती. खाली कोरं.

सोमवारी सकाळी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचा फोन आला. कुणाकडे वापरात नसलेली दुर्बीण असेल तर मुलांसाठी हवी होती. तिने एका दमात सांगून टाकलं, "माझी न्या. रविवारी या." फोन ठेवला, आणि कुणीतरी दात काढून घ्यावा तशी जागा मोकळी वाटायला लागली. जीभ सारखी तिथेच.

शिलाई मशीनवरून मान न वळवता बाबा म्हणाले, "कुणाला काय न्या म्हणालीस?"

"दुर्बीण. शाळेला."

"का?"

"मी बघत नाही ना आता."

"बघत नाहीस का बघता येत नाही?"

बाबांनी चाळीस वर्षं शिंपीकाम केलं होतं. दुकान बंद करून ते लेकीकडे राहायला आले ते एक मशीन, एक कात्री, मापांच्या सोळा वह्या आणि कापड बेतायची लांब फळी घेऊन. आता त्यांना सुईचं नाक दिसत नसे. रोज सकाळी ती दहा सुयांत दोरे ओवून सुयांच्या उशीला टोचून ठेवायची. त्या दिवसभर पुरायच्या. आभाळात त्यांना काडीचा रस नव्हता. तिने शनी दाखवला तेव्हा म्हणाले होते, "बटण आहे. काजासकट." तेवढंच.

"कमरेमुळे नाही बघता येत," ती म्हणाली. "तुम्हाला माहितेय."

बाबांनी पाय थांबवला. मशीन गप्प झालं. "लोक म्हणतात, आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावायचं. इथे आभाळ तर धड आहे. कंबर फाटलीय. कमरेला ठिगळ लावता येतं. बस इथे."

"कुठे?"

"स्टुलावर. ताठ नको बसू, जशी बसतेस तशी बस. मापाला उभं राहिलं की गिऱ्हाईक पोट आत घेतं आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून भांडायला येतं."

त्यांनी टेप स्टुलाच्या कडेला धरली आणि तिच्या डोळ्यापर्यंत नेली. मग पुन्हा एकदा. माप दोनदा, कात्री एकदा, हा त्यांचा कायदा होता. वहीत लिहिताना स्वतःशीच हसले. "इतकी वर्षं छाती, कंबर, उंची मापली. बुडापासून डोळ्यापर्यंत माणूस किती, हे कुणी विचारलं नव्हतं. साडेअठ्ठावीस."

"बाबा, रविवारी बाई येणार आहेत."

"रविवार अजून शिवायचाय. येऊ दे."

खुर्चीचं चित्र तिच्या डोक्यात खूप दिवसांपासून होतं. म्हणजे तिने ते मनाला माहीत होऊ दिलं नव्हतं, इतकंच. दुर्बीण वर रोखली की नेत्रिका उंच जाते, खाली आणली की उतरते. म्हणून बसायची फळीही वरखाली व्हायला हवी. दोन लांब पट्ट्या शिडीसारख्या तिरक्या उभ्या करायच्या, मागे टेकू द्यायचा, पुढच्या बाजूला दर दोन इंचांवर खाच पाडायची, आणि बसायची फळी त्या खाचांत अडकवायची. खिळा नाही, कडी नाही. बसणाऱ्याच्या वजनानेच ती अडकून राहते. उठलं की उचलून दुसऱ्या खाचेत.

लाकूड कुठून आणायचं हा प्रश्न बाबांनी तिला विचारू दिलाच नाही. व्हरांड्यात उभी असलेली बेतायची फळी त्यांनी आडवी केली. तिच्यावर खडूच्या रेघा इतक्या मुरल्या होत्या की लाकूड निळसर दिसायचं.

"ही नको," ती म्हणाली.

"का? चाळीस वर्षं तिच्यावर दुसऱ्यांना कापलं. आता तिची पाळी."

ते गमतीत म्हणाले, पण करवत लागली तेव्हा ते आत जाऊन ठमीपाशी बसले. फळी पूर्ण कापून होईपर्यंत बाहेर आले नाहीत. आतून त्यांचं ते टक टक टक ऐकू येत होतं. ठमी रडायला लागली की बाबा जिभेने मशीनचा आवाज काढायचे, आधी सावकाश, मग भरभर, मग शिवण संपल्यासारखा एक झटका. दुसरं काही त्यांना येत नव्हतं. अंगाई नाही, गोष्ट नाही. पण ठमीला पुरायचं.

मंगळवारी संध्याकाळी नवरा कामावर जायच्या आधी खुर्ची उभी राहिली. तो दूध डेअरीत संध्याकाळच्या पाळीला होता. सहाला जायचा तो मध्यरात्री उगवायचा. त्याने खुर्चीकडे चारी बाजूंनी बघितलं.

"मी बसून बघू?"

"माझ्या मापाची आहे."

"मग तू बस. विमा काढलाय."

ती बसली. एक क्षण सगळं छान होतं. दुसऱ्या क्षणी फळी खाचेतून सटकली आणि ती खाचा मोजत, टप् टप् टप्, थेट खाली. नवऱ्याचं हसू थांबेना. बाबांनी आधी विचारलं, "लागलं का?" आणि नाही म्हटल्यावर, "लिफ्ट झाली की गं. बटण तेवढं राहिलं." तिला हसताना कंबर दुखली, पण ते दुखणं वेगळं होतं. कितीतरी दिवसांनी ती स्वतःच्याच एखाद्या गोष्टीवर हसली होती.

नवऱ्याने सायकलची जुनी ट्यूब कापून दिली. खाचांना रबराची पट्टी ठोकल्यावर फळी घट्ट चावून बसली. बाबांनी इस्त्रीखालच्या घोंगडीची चौपदरी गादी शिवली. मग एकातून एक निघत गेलं. बॉबिनच्या डब्यात कापूस भरून नेत्रिका ठेवायची सोय झाली, म्हणजे अंधारात चाचपडायला नको. टॉर्चला लाल कापडाचे दोन पदर बांधले, म्हणजे वही वाचता येते आणि अंधाराला सरावलेला डोळा बिघडत नाही. ठमीच्या फोमच्या चटईची सुरळी करून नळीच्या तोंडाला बसवली. दव त्या सुरळीवर पडेल, आत नाही. चटईचा एक कोपरा ठमीने खाल्लेला होता. तो कोपरा तिने मुद्दाम वरच्या बाजूला ठेवला.

उरला होता तो रस्त्यावरचा दिवा. गेल्या पावसाळ्यानंतर भिंतीपलीकडे नवा पांढरा दिवा आला होता. अर्ध्या परसात त्याचा उजेड, आणि वाळत घातलेले कपडेसुद्धा पकडलेल्या चोरासारखे दिसायचे. त्यावर उपाय एकच, डोक्यावरून खोळ घ्यायची. बाबांनी कोटाच्या अस्तराचं काळं कापड काढलं, आत जाड पदर लावला, आणि बुधवारी दुपारभर मशीन चाललं. खोळ डोक्यावरून खांद्यांपर्यंत यायची आणि पुढे नेत्रिकेभोवती दोरीने आवळता यायची.

गुरुवारी साडेसातला ठमी झोपली. तिने नेहमीप्रमाणे नाकाखाली बोट धरून श्वास बघितला, दार अर्धं लोटलं, परत जाऊन श्वास बघितला, आणि परसात आली. बाबा मागच्या दारात स्टूल टाकून बसले होते. दुर्बीण नवऱ्याने जाण्याआधी परसात काढून ठेवली होती; आता तिचं तोंड आग्नेयेला, वर. खुर्ची पाचव्या खाचेत. तिने खोळ घेतली.

आत काळोख होता. मऊ, जाड, अस्तराच्या वासाचा. कंबर टेकली होती, पाय टेकले होते, डोळा आपसूक नेत्रिकेशी आला. साडेअठ्ठावीस इंच म्हणजे साडेअठ्ठावीस इंच. तिला वाटलं, इतकं सोपं होतं? मग आपण अकरा महिने काय करत होतो?

आणि मग तिला ऐकू आलं नाही.

खोळीच्या जाड पदरांतून घरातलं काहीच ऐकू येत नव्हतं. पंख्याची घरघर नाही, फ्रिज नाही. त्या नसलेल्या आवाजात ठमी रडायला लागली. तिने खोळ उपसून कान दिला. काही नाही. पुन्हा आत. पुन्हा रडणं, अगदी स्पष्ट, हुंदक्यासकट. पुन्हा बाहेर. बाहेर आली की दिव्याचा पांढरा उजेड डोळ्यांत आणि सरावलेला अंधार वाया. आत गेली की पुन्हा पहिल्यापासून. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जात तो तारा शोधायच्या वाटेवरचे तिन्ही टप्पे तिला पाठ होते. तिसऱ्यावर ती एकदाही पोहोचली नाही.

"सोळा वेळा," दारातून बाबा म्हणाले. "कासव आहेस का?"

"रडली का ती?"

"नाही."

"तुम्हाला ऐकू आलं नसेल."

ती ओशाळली. "तसं नाही हो."

"तसंच आहे. मला कमीच ऐकू येतं. पण आत्ता रडली नाही."

नवऱ्याने पूर्वी एकदा पाळण्यापाशी फोन ठेवून दुसऱ्या फोनवर आवाज ऐकायची सोय करून दिली होती. ते आणखी वाईट झालं होतं. फोनमधली खरखर ठमीच्या श्वासासारखी वाटायची आणि खरखर थांबली की हिचाच श्वास थांबायचा. फोन नको. ती खुर्चीवरून उठली, खोळ हातात घेऊन बाबांसमोर आली. "ह्याला एक खिडकी करा. डाव्या कानापाशी. घर डावीकडे येतं. तेवढा एक कान बाहेर राहिला तर जमेल मला."

बाबांनी खोळ घेतली, तिच्या डोक्यावर घातली, समोर उभे राहून खडूने खूण केली. मग वही उघडून काहीतरी लिहिलं. त्यांना लिहिताना बघून तिला बरं वाटलं. वहीत गेलं म्हणजे होणार.

शुक्रवारी ढग होते. शुक्रवारी ठमीला सर्दीसुद्धा झाली, निदान तिला तसं वाटलं, दोनदा शिंकली. ती दिवसभर अस्वस्थ होती. संध्याकाळी तिने बाईंना फोन करायला म्हणून हात नेला आणि काय सांगायचं ते न सुचून परत घेतला. दुर्बीण ठेवते म्हणावं, तर बघते कुठे? न्या म्हणावं, तर अजून शनिवार बाकी होता. खिडकीतून चादर दिसत होती. तिला त्या ताऱ्याची आठवण येत होती. तारा कुठे जात नाही, माणसासारखी त्याची कसली आठवण, असं तिने स्वतःला सांगून बघितलं. पण खरं म्हणजे आठवण ताऱ्याची नव्हतीच फक्त. त्या काळोखात बसून, दोन शेजारच्या ताऱ्यांशी ताडून, 'आज ह्याच्यापेक्षा किंचित कमी' असं ठरवणारी जी एक मुलगी होती, जिला तासभर कुणी हाक मारत नसे, तिची होती. ती कुठे गेली ते विचारायला कुणी नव्हतं. ठमी आवडत नव्हती असं नाही. ठमी इतकी आवडत होती की जागाच उरली नव्हती.

शनिवारी आभाळ धुतल्यासारखं निघालं. साडेसात. ठमी झोपली. श्वास, दार, पुन्हा श्वास. बाबांनी खोळ पुढे केली. खिडकी झाली होती, बशीएवढी गोल, कडेने काजाचा टाका घातलेला, इतका बारीक आणि एकसारखा, की ह्या माणसाला सुईचं नाक दिसत नाही हे कुणाला खरं वाटलं नसतं.

ती खुर्चीवर बसली, खोळ घातली, दोरी आवळली. खिडकी उजव्या कानावर आली.

"बाबा, उलटी झाली."

"काय?"

"खिडकी. डावी सांगितली होती. ही भिंतीकडे आली."

बाबा जवळ आले, चाचपून बघितलं. "समोर उभं राहून खूण केली ना. माझा उजवा तो तुझा डावा. झाला घोटाळा."

"मग उलटी करून घालते." तिने प्रयत्न केला, पुढची दोरी मानेमागे गेली आणि खोळ टोपलीसारखी बसली. "उसवा ना. डावीकडे करा."

"ह्या उजेडात? आता मला सुई दिसायची नाही. आजचा दिवस चालवून घे. मी बसतो पोरीपाशी. आत. पाळण्याला हात लावून बसतो, मग तर झालं?"

"तुम्हाला झोप लागेल."

"उभा राहतो."

उद्या रविवार होता.

बाबा आत गेले. ती खोळीत शिरली. डावीकडे जाड पदर, घर नाहीसं झालं. उजव्या कानाच्या खिडकीतून भिंतीकडचं येऊ लागलं. नळाखाली ठेवलेल्या बादलीत थेंब. थोड्या वेळाने दुसरा थेंब. शेजारच्या घरात कुणीतरी ताटं एकावर एक रचत होतं. पलीकडे सायकल गेली, चेन सैल असलेली. वाळत घातलेल्या कापडाची फडफड. ठमीचं रडणं आलं, नेहमीसारखं, डावीकडून. पण डावीकडून तर काही येऊच शकत नव्हतं. ते तिचंच होतं, आतलं. तिने ते रडू दिलं. ते थोडा वेळ रडलं आणि थेंबाच्या आवाजाला लागून गप्प झालं.

पहिला टप्पा. दुसरा टप्पा, तीन तारे, किंचित वाकडी ओळ. तिने नळीला बोटाने ढकललं, केसभर. तिसरा.

तो होता.

विझत्या निखाऱ्याला कुणी हळूच फुंकर घालावी तसा, तांबूस, स्थिर. त्याच्या शेजारचे दोन तारे, ज्यांच्याशी ती नेहमी ताडून बघायची, आपापल्या जागी, जणू ती काल संध्याकाळीच उठून गेली होती. डावा ह्याच्यापेक्षा थोडा उजळ. उजवा थोडा मंद. म्हणजे मध्ये. म्हणजे अजून चढणार होता. अजून दोन-तीन आठवडे रोज थोडा थोडा. तिचा डोळा भरून आला आणि तारा फुटून मोठा झाला; तिने पापणी मिटून, थांबून, पुन्हा बघितलं. कुणी हाक मारली नाही. तिने तो नुसता बघितला, मग नीट बघितला, मग पुन्हा नुसता.

खोळ काढली तेव्हा पाठ गार पडली होती पण दुखत नव्हती. मागच्या दारात बाबा उभे होते. खांद्यावर ठमी, टक्क जागी, ओल्या पापण्यांची, त्यांच्या शर्टाचं बटण तोंडात.

"केव्हा उठली?"

"झाला थोडा वेळ."

"रडली?"

"रडली की. चांगली रडली. मग शिवण घातली तिला दोन वेळा, थांबली."

तिने घड्याळ बघितलं. पाऊण तास. पाऊण तासात तिची मुलगी चांगली रडली होती आणि तिला कळलं नव्हतं. तिने हात पुढे केले. ठमीने तिच्याकडे बघितलं, हसली, आणि बटण काही सोडलं नाही.

"वही कुठेय माझी?" ती म्हणाली. आवाज नीट यावा म्हणून काहीतरी विचारायला हवं होतं.

"मशीनवर. माझ्या वहीखाली."

मशीनवर मापांची वही उघडी होती, गुरुवारच्या पानावर. बाबांचं अक्षर अलीकडे मोठं झालं होतं, वाचायला टॉर्चसुद्धा लागली नाही. 'खोळ. खिडकी पाच इंच. कान उजवा.' आणि त्याखाली, रेघ मारून, 'डावा नाही.'

तिने ते दोनदा वाचलं. मग आपली वही उघडली, अकरा महिन्यांपूर्वीच्या कोऱ्या पानाच्या पुढचं पान काढलं, तारीख घातली, वेळ घातली, लिहिलं, 'दोघांच्या मध्ये. चढतो आहे.' मग बाईंना निरोप पाठवला, की उद्या जरूर या, मुलांनाही आणा, पण दुर्बीण न्यायला नको, बघायला या; तशीच दुसरी बनवायची तर मी शिकवीन, खुर्चीचं मापही देईन.

परत दारात आली. "बाबा, तुमचं माप चुकलं नव्हतं."

बाबा ठमीची पाठ थोपटत होते. "चाळीस वर्षांत एकदा चुकलं तर बिघडलं कुठे."

"मी डावा सांगितला होता."

"डाव्या कानाने तू इथेच राहिली असतीस. मग खुर्चीचा काय उपयोग?" थोडं थांबून ते म्हणाले, "तुझी आई गायची, माहितेय ना?"

"तुम्ही म्हणता. मी कधी ऐकलं नाही."

"कसं ऐकशील. तू झालीस आणि तिचा एक कान कायमचा पाळण्याकडे गेला. गायला बसायची, अर्ध्यात उठायची. 'रडली का?' म्हणून मला विचारायची. मी पाळण्यापासून दोन हातांवर, पण मशीनवर. मला काय ऐकू येणार? मग तिलाच दोघांच्या वाटचं ऐकावं लागायचं." त्यांनी ठमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "पुढे तू मोठी झालीस. मी म्हटलं, आता गा की. म्हणाली, आता सूर लागत नाही, कान भलतीकडेच लागलेला असतो. हसून म्हणाली. मीही हसलो. कपडे द्यायचे होते कुणाचे तरी."

रस्त्यावरचा दिवा परसात पसरला होता. त्या उजेडात खुर्ची रिकामी उभी होती, निळसर लाकडाची, पाचव्या खाचेत. आई गेली त्याला सहा वर्षं झाली होती. तिचा आवाज आठवायचा तर जेवायला बोलावणारा आठवे, औषध विचारणारा आठवे. गाणारा तिच्यापाशी नव्हताच. असला तर फक्त ह्या एका माणसापाशी असणार होता.

"काय गायची आई?" तिने विचारलं. "एखादी ओळ तरी?"

बाबांनी तोंड उघडलं. मिटलं. ठमीच्या डोक्यावरून त्यांनी परसाकडे, मग वर, आभाळाकडे बघितलं, पहिल्यांदाच स्वतःहून. तिला वाटलं आता येईल. तिने दोन्ही कान दिले.

"मशीन चालू असायचं गं," ते म्हणाले.

ठमी कुरकुरली. बाबांनी जिभेने टक टक टक सुरू केलं, आधी सावकाश, मग भरभर, आणि ती तिथेच उंबऱ्यावर उभी राहून ते शेवटच्या झटक्यापर्यंत ऐकत राहिली.